दस्तगीर, दोन नग

देगलूरच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात
चार भाषा येतात, चपला न काढता.
मदनूरची बाई म्हणते, कोलगेट इव्वय्या.
औरादचा म्हातारा, कोलगेट कोडप्पा.
मागून कुणी, भाई, कोलगेट होना.
आणि हाणेगावची आमची मावशी
पिशवी उघडी धरून,
कोलगेट दे रे, बबूलचं.

बापानं कधी कुणाला चुकलं म्हटलं नाही.
बबूलचं कोलगेट दिलं, निरम्याचं सर्फ दिलं,
रुचीचा डालडा दिला.
म्हणायचा, नाव कंपनीचं असतंय
गोदामात हाय तोवर.
आणि उधारीची वही पुढं ओढायचा.

समोर लिंबाखाली, पत्र्याच्या खोक्यात
दस्तगीर बसायचा.
पाटीवर नाव नव्हतंच. चुन्यानं लिहिलेलं,
सगळं दुरुस्त होईल,
खाली बारीक, घड्याळ सोडून.
जळालेल्या टुल्लूतून सोडवलेली तांब्याची तार,
तिच्यावर काळ्या पट्टीचे तीन वेढे,
चौथा दातानं तोडून.
चष्म्याची दांडी, कुकरचा कान,
एलपुलवारच्या झेरॉक्सचं झाकण
(ती झेरॉक्स नव्हतीच,
जपानची दुसरीच कसली तरी मशीन).

आधी बाया म्हणायच्या, दस्तगीरकडं ने.
मग, दस्तगीरकडून तार मारून आण.
मग मधलं सगळं गळून गेलं.
दस्तगीर मार.

मदनूरच्या गाडीचा ड्रायव्हर बॉनेटवर वाकून ओरडला,
दस्तगीर कोट्टुरा!
औरादला पोचेपर्यंत त्याचं दस्तगीर हाकप्पा झालं.
एका पंगतीत तर
मोडत आलेल्या सोयरिकीबद्दल मामा म्हणाले,
दोन्हीकडून थोडं थोडं दस्तगीर मारा,
निघतेत चार-दोन वर्षं.

कंपन्या म्हणे वकिलाकरवी कळवतात,
आमच्या नावाचं असं क्रियापद करू नका.
दस्तगीर तेव्हा इस्त्री उघडून बसला होता.
एक बाई त्याच्या तोंडावर म्हणाली,
ह्ये दस्तगीर कच्चं लागलंय बघा.
त्यानं मान वर केली नाही.
इस्त्रीलाच म्हणाला, सुनी क्या गे?
आणि पट्टी नव्यानं गुंडाळली.

फारसी जाणणारे एक म्हातारे मास्तर होते,
तंबाखूपुरते दुकानात यायचे. त्यांनी सांगितलं,
दस्त म्हणजे हात, गीर म्हणजे धरणारा.
शब्दच होता तो.
मधे काही दिवस माणसाला लावला होता.

तीन उन्हाळ्यांमागं खोका उठला.
तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचा गाडा असतो.
मिसरूड न फुटलेली पोरं येतात,
काका, एक दस्तगीर.
मी काळ्या पट्टीचं रीळ देतो, दहा रुपये.
त्यांनी त्याला पाहिलेलं नाही.
माझ्या लेकीनं सामान्यनामं लिहिली,
नदी, पाटी, दस्तगीर.
बाईंनी लाल गोल केला.
बाई लातूरच्या.

बाजार उठल्यावर, काट्यावरची धूळ पुसताना
दस्तगीरचा सत्तार येतो.
लाईटच्या ऑफिसात कंत्राटावर आहे,
खांबावर चढतो.
दोन बोटं दाखवतो.
आतून आमचा पोऱ्या विचारतो, काय, दस्तगीर का?
सत्तार काउंटरच्या काचेखालच्या
जुन्या नोटांकडं बघत राहतो.
टेप, म्हणतो. काळी. दोन.

सबंध गावात एवढा एकच माणूस असं म्हणतो.
मीही त्याच्या खात्यावर तसंच मांडतो.
पानभर दस्तगीर, दस्तगीर,
कुणाचे दोन नग, कुणाचा एक, कुणाचा मागच्या महिन्याचा बाकी,
आणि तेवढ्या एका ओळीत
टेप.